थैलीतली दोन वजनं

इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातला यरुशलेमचा बाजार. तिथे नाणी अजून आलेली नाहीत, चांदी तोलूनच व्यवहार होतात. व्यापाऱ्याजवळ एक थैली आणि थैलीत दगडी वजनं. यरुशलेमभोवतीच्या जुन्या यहूदा राज्याच्या प्रदेशात अशी वजनं उत्खननांत शेकड्यांनी सापडली आहेत. चुनखडीच्या दगडाची, तळाशी सपाट, वरून घुमटासारखी, माथ्यावर शेकेलची खूण कोरलेली. एक शेकेल म्हणजे साधारण 11.3 ग्रॅम. यिर्मया संदेष्ट्याने (संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा) चुलतभावाचं शेत 17 शेकेल चांदीला विकत घेतलं तेव्हा त्याने खत लिहिलं, शिक्का मारला, साक्षीदार बसवले आणि तराजूत चांदी तोलून दिली, असा तपशील बायबलमधल्या त्याच्या पुस्तकात आहे. आजच्या हिशेबाने ती चांदी दोनशे ग्रॅमसुद्धा भरत नाही.

असा सगळा व्यवहार वजनावर चालला की लबाडीही वजनातच शिरते. युक्ती सोपी होती. थैलीत एकाच नावाचे दोन दगड ठेवायचे, एक जरा जड आणि एक जरा हलका. घेताना जड दगड पारड्यात, विकताना हलका. समोरच्या शेतकऱ्याकडे स्वतःची वजनं असतीलच असं नाही, आणि अर्ध्या-एक ग्रॅमचा फरक हाताला कळत नाही. आपल्याकडे उसाच्या काट्यापासून भाजीच्या गाडीपर्यंत याला ‘काटा मारणं’ म्हणतात, त्यामुळे समजावून सांगायची फारशी गरज नाही.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला कायदा नेमकी हीच थैली पकडतो: तुझ्या थैलीत लहान-मोठी अशी दोन वजनं नसावीत, घरात लहान-मोठी अशी दोन मापं नसावीत. वापरू नकोस एवढंच तो सांगत नाही, जवळ ठेवूच नकोस म्हणतो. ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात खोट्या वजनाचा विषय पुन्हा पुन्हा येतो: 11व्या अध्यायात, 16व्यात आणि 20व्यात तर दोनदा. खोटा तराजू देवाला किळसवाणा वाटतो, असं तिथे म्हटलंय. ‘किळस’ हा शब्द बायबलमध्ये एरवी मूर्तिपूजेसारख्या गोष्टींसाठी येतो, इथे तो किराणा व्यवहाराला लावलाय. 16व्या अध्यायातलं वचन तर त्याहून पुढे जातं. थैलीतले सगळे दगड ही देवाचीच करणी आहे, असं ते म्हणतं.

धार्मिक पुस्तकाने मापातलं पाप इतकं मनावर का घ्यावं? याचं उत्तर मिळालं की बायबलमधली सचोटीची कल्पना बरीचशी हाती लागते.

आधी थोडी ओळख. बायबलच्या जुन्या करारात नियमशास्त्र आहे, इतिहास आहे, संदेष्ट्यांची भाषणं आहेत, आणि शिवाय ‘शहाणपणाची पुस्तकं’ म्हणून ओळखला जाणारा एक गट आहे: नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक. नीतिसूत्रे हा 31 अध्यायांचा वचनसंग्रह. नाव शलमोन राजाचं, पण पुस्तकातच इतर हात दिसतात. 25व्या अध्यायाच्या सुरुवातीला म्हटलंय की ही वचनं हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतली. शेवटी आगूर नावाच्या कुणाची वचनं आहेत आणि लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली शिकवण आहे. पुस्तकाचा हेतू पहिल्याच काही ओळींत सांगितलाय: धर्माने, न्यायाने आणि समबुद्धीने वागण्याची शिकवण मिळावी म्हणून. शहाणा म्हणजे हुशार किंवा व्यवहारचतुर, एवढ्यावर हे पुस्तक समाधान मानत नाही. ज्याच्या शहाणपणाने शेजाऱ्याचं नुकसान होतं, त्याला ते सरळ मूर्खांच्या रांगेत बसवतं.

आता वजनाकडे वळू. बाजारात दोघांपैकी एकालाच दगडाचं खरं वजन माहीत असतं. शेतकरी ते तपासू शकत नाही. राजाचा माणूस प्रत्येक थैली उघडून बघू शकत नाही. माझ्या मते ही पुस्तकं सचोटीची परीक्षा घेतात ती अशाच जागी, जिथे समोरच्याला आपली चूक कळणार नाही, किंवा कळली तरी तो काही करू शकणार नाही. थैलीतले दगड देवाची करणी आहेत या वचनाचा व्यावहारिक अर्थही तोच: तिसरा साक्षीदार थैलीतच आहे.

आणि पुस्तक फक्त विकणाऱ्याच्या मागे लागतं असं नाही. 20व्या अध्यायात एक गिऱ्हाईक भेटतं. माल हातात घेऊन ते ‘भिकार आहे, भिकार आहे’ म्हणत भाव पाडतं आणि घरी जाताना आपण काय सौदा मारला याची फुशारकी मारतं. वचनात उपदेश एका शब्दाचाही नाही, नुसतं चित्र आहे. मंडईत हे दृश्य रोज दिसतं आणि त्यात बहुधा आपणच असतो. 11व्या अध्यायात धान्य दाबून ठेवणाऱ्या साठेबाजाला लोकांचे शाप बसतात आणि ते विकायला काढणाऱ्याला आशीर्वाद मिळतो. तिथे वजन खोटं नाही, कायदाही मोडलेला नाही, तरी पुस्तकाच्या लेखी ते वागणं सरळ नाही.

आमोस संदेष्ट्याने हीच गोष्ट चिडून सांगितली. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात व्यापार तेजीत होता. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, पाळणारे व्यापारी शनिवार कधी सरतो याची वाट बघतात, असं तो म्हणतो. सरला की एफा लहान करायचा (एफा म्हणजे सुमारे 22 लिटरचं धान्याचं माप), शेकेल मोठा करायचा, तराजू फिरवायचा, गव्हाबरोबर भुसाही खपवायचा आणि जोड्याच्या किमतीत गरिबाला विकत घ्यायचं. या माणसांनी धर्माचा दिवस मोडलेला नाही, तो नीट पाळलाय. आमोसचा राग त्यावरच आहे. (शनिवार म्हटलं की कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची आठवण होते. मराठी बोलणारे हे ज्यू अलिबागच्या परिसरात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आमोसचं पुस्तक त्यांच्याही धर्मग्रंथांत आहे.)

बाजारातून शेतात आलं की दुसरी जागा दिसते: बांध. ‘जुनी हद्द सारू नको’ हे वचन नीतिसूत्रांत दोनदा येतं. दुसऱ्यांदा त्याला पुस्ती जोडलीय: पोरक्यांच्या शेतात शिरू नको, त्यांचा कैवारी बलवान आहे. तेव्हा दोन शेतांमधली हद्द दगडांनी दाखवत. दगड वर्षाला हातभर सरकवला तर गाजावाजा न होता जमीन आपली होते. त्यातही शेजारी विधवा किंवा अनाथ पोर असेल तर बोलणार कोण? बांध कोरणारा माणूस शेजारी नेमका कोण आहे हे बघूनच कोरतो. ‘कैवारी’ ही त्या समाजातली ठरलेली भूमिका होती. घरची जमीन गेली तर जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यायची. बायबलमधल्या रूथ या विधवेच्या गोष्टीत बवाज नावाचा नातलग तेच करतो. ज्याला असा नातलगच नाही, त्याची बाजू देव घेईल, असा या वचनाचा रोख आहे.

हा विचार एकट्या इस्राएलचा नव्हता, हेही सांगायला हवं. आमेनेमोपे नावाच्या इजिप्तच्या अधिकाऱ्याची मुलासाठी लिहिलेली शिकवण एका पपायरसवर सापडली. पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तिचा मजकूर 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिलं की नीतिसूत्रांच्या 22व्या-23व्या अध्यायांतली बरीच वचनं तिच्याशी जुळतात. विधवेच्या शेताची हद्द सारू नको, हे तिथेही आहे. तराजूत फेरफार करू नको, हेही आहे, आणि तिथे तराजूपाशी बसलेला पहारेकरी म्हणजे वानररूपातला थोथ देव. आमेनेमोपेचा मजकूर जुना आहे, त्यामुळे इस्राएलच्या लेखनिकांनी शेजाऱ्याकडून घेतलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. काही भाविकांना हे खटकतं. मला त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. नाईलच्या काठी आणि यहूदाच्या डोंगरात बांध कोरणारे सारखेच असणार.

बांधावरून भांडण झालं की ते वेशीत जायचं. नगराच्या वेशीपाशी वडीलधारी मंडळी बसत आणि न्यायनिवाडा तिथेच होई. इथे नीतिसूत्रे बारीक निरीक्षणं नोंदवतात. आधी बोलणाऱ्याची बाजू खरी वाटते, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत. खोटा साक्षीदार म्हणजे सोटा, तलवार आणि तीक्ष्ण बाण. दोषी माणसाला सोडणं आणि निर्दोषाला दोषी ठरवणं, दोन्हींची देवाला सारखीच किळस. ‘लेवीय’ पुस्तकातला नियम तर वाचणाऱ्याला थबकवतो: न्याय करताना गरिबाची भीड धरू नको आणि बड्याचा मान राखू नको. इतर ठिकाणी गरिबाच्या बाजूने इतकं बोलणारं पुस्तक न्यायासनावर मात्र त्याच्यासाठीही पारडं झुकवू देत नाही. त्याला मदत करायची ती शेतात, सरवा ठेवून. पीक कापताना कडा सोडायच्या, पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. ती भीक नव्हती, त्यांचा हक्क होता. रूथ बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचते ती याच हक्काने.

वेशीतला न्याय बिघडला तर काय होतं, याची सगळ्यात भेदक गोष्ट पहिल्या राजे पुस्तकाच्या 21व्या अध्यायात आहे. अहाब राजाला इज्रेलमधला नाबोथचा द्राक्षमळा हवा होता. राजवाड्याला लागून होता, भाजीचा मळा करायचा होता. बदल्यात त्याने चांगला मळा किंवा पैसे देऊ केले. नाबोथने वाडवडिलांचं वतन द्यायला नकार दिला. अहाब तोंड फिरवून बिछान्यावर पडून राहिला, जेवेना. राणी ईजबेलने मग राजाच्या शिक्क्याने गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रं धाडली. उपास जाहीर करा, नाबोथला लोकांपुढे बसवा, समोर दोन माणसं उभी करा, त्याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले अशी साक्ष त्यांनी द्यावी. साक्षीदार दोनच का? कारण कायद्याने दोघांची साक्ष लागते. पत्राला शिक्का होता, सभा उघड होती, उपास धार्मिक होता. एकही कागद कमी नव्हता. नाबोथला दगडमार करून ठार केलं आणि मळा राजाकडे आला. एलीया संदेष्टा अहाबला गाठून विचारतो: खून करून वर ताबाही घेतलास? नियमाप्रमाणे सगळं होऊनही अन्याय होतो, हे कळायला या गोष्टीइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही. नियम नुसते असून भागत नाही, ते वापरणारा माणूस सरळ लागतो. नीतिसूत्रे इतकी वचनं खर्च करून जो माणूस घडवू पाहतात, तो हाच.

लाचेच्या बाबतीत मात्र पुस्तक आपल्याला थोडं बुचकळ्यात टाकतं. 17व्या अध्यायात एक वचन म्हणतं की दुष्ट माणूस न्यायाची वाट वाकडी करायला गुपचूप लाच घेतो. त्याच अध्यायात थोडं आधी दुसरं वचन आहे: लाच देणाऱ्याला ती जादूच्या मण्यासारखी वाटते, जिकडे वळेल तिकडे काम फत्ते. पुढच्या अध्यायात भेटवस्तू माणसाला बड्यांपर्यंत पोचवते. मग ही लाचेची शिफारस झाली का? नाही. यातली बरीच वचनं जग कसं चालतं याची नोंद करतात आणि गप्प बसतात, निर्णय वाचणाऱ्यावर सोडतात. 26व्या अध्यायात तर लागोपाठ दोन वचनं एकमेकांविरुद्ध उभी आहेत: मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे. कुठलं वचन कधी लागू करायचं हे ओळखणं हाच शहाणपणाचा अभ्यास. म्हणून एखादं सुटं वचन उचलून ‘बायबल असं म्हणतं’ असं सांगणाऱ्यापासून जरा सावध राहिलेलं बरं.

आता एक खरी तक्रार वाचू. 1960 मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावर यावने-यामजवळच्या एका छोट्या किल्ल्यात मडक्याचं शाईने लिहिलेलं खापर सापडलं, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरचं. एका कापणी करणाऱ्या मजुराने अधिकाऱ्याला केलेला तो अर्ज आहे, बहुधा लेखनिकाकडून लिहून घेतलेला. मजूर म्हणतो, मी माझी ठरलेली कापणी पुरी केली, धान्य साठवलं, तरी शोबायचा मुलगा होशायाहू याने माझं वस्त्र काढून नेलं. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे भाऊबंद माझ्या बाजूने साक्ष देतील. माझं वस्त्र परत मिळवून द्या.

वस्त्र म्हणजे अंगावरची शाल म्हणा. दिवसा पांघरायची, रात्री अंथरूण-पांघरूण तेच. ‘निर्गम’ पुस्तकात कायदा आहे की शेजाऱ्याचं वस्त्र गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, त्याच्याजवळ पांघरायला तेवढंच आहे, दुसरं काय घेऊन तो झोपेल? अनुवाद पुस्तक जातं गहाण घ्यायला मनाई करतं, कारण तो माणसाचा जीवच गहाण ठेवून घेण्यासारखा प्रकार. मजुरी त्याच दिवशी, सूर्यास्ताआधी द्यायची. आमोस ओरडतो की गहाण घेतलेल्या वस्त्रांवर लोक वेदीजवळ पसरतात. अर्जावर निकाल काय लागला हे खापर सांगत नाही. पण बायबलमधले हे नियम हवेत लिहिलेले नव्हते, हे त्यावरून दिसतं. गहाणवटीला किंवा दंडात अंगावरचं वस्त्र जाणं, हे तिथल्या मजुराचं रोजचं भय होतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधं विधान आहे. श्रीमंत आणि गरीब एकमेकांना भेटतात, दोघांना घडवणारा एकच, असं नीतिसूत्रांच्या 22व्या अध्यायात म्हटलंय. म्हणून दुबळ्याला छळणारा त्याच्या निर्माणकर्त्याची विटंबना करतो. आणि म्हणूनच धर्माने आणि न्यायाने वागणं देवाला यज्ञापेक्षा अधिक आवडतं, असं 21व्या अध्यायातल्या एका वचनात ठामपणे म्हटलंय, तेही मंदिर आणि यज्ञ चालू असलेल्या काळात. अर्थात त्या काळाच्या मर्यादा पुस्तकात जागोजागी आहेत. गुलामगिरी गृहीत धरलीय, नुसत्या शब्दांनी नोकर सुधारत नाही असं एक वचन म्हणतं, मुलांना छडीचा धाक सांगितलाय. ते झाकायचं कारण नाही.

मग सर्वांत जुना प्रश्न: सरळ वागून फायदा होतो का? नीतिसूत्रांचा सूर बहुतेक ठिकाणी ‘हो’ असाच आहे. देव नीतिमानाला उपाशी राहू देत नाही, अन्यायाने मिळवलेलं टिकत नाही. पण त्याच पुस्तकात दुसरा सूरही आहे. अन्यायाच्या मोठ्या मिळकतीपेक्षा न्यायाने मिळालेलं थोडं बरं, असं म्हणायची वेळ येते, कारण न्यायाने वागणाऱ्याला कधी कधी थोडंच मिळतं. 13व्या अध्यायात तर स्पष्ट कबुली आहे: गरिबाच्या जमिनीत भरपूर पिकतं, पण अन्याय ते ओढून नेतो. गरीब आळसामुळे गरीब, हे दुसरीकडे वारंवार सांगणाऱ्या पुस्तकाने स्वतःच काढलेली ही शंका. उपदेशक अधिक रोखठोक. नीतिमान माणूस नीतीने वागून नाश पावतो आणि दुष्ट दुष्टाई करून दीर्घायुषी होतो, हे मी पाहिलंय, असं तो लिहितो.

ईयोब या पुस्तकाने तर हा प्रश्नच कथेच्या मध्यभागी ठेवला. ईयोब सात्त्विक आणि सरळ माणूस, हे पहिल्याच ओळीत ठरलंय. त्याची गुरंढोरं, मुलं, तब्येत सगळं जातं. मित्र येतात, सात दिवस मुकाट्याने बसतात आणि मग हिशेब मांडू लागतात: देव न्यायी आहे, तुला दुःख झालं, म्हणजे तू पाप केलं असणार. पुरावा नसला तरी त्यांच्यातला अलीफज तो रचतो. भावांची वस्त्रं तू गहाण घेतलीस, तहानेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने परतवलंस. सिद्धान्त टिकवण्यासाठी माणसावर खोटी साक्ष देणं, हे मला त्या पुस्तकातलं सगळ्यात ओळखीचं दृश्य वाटतं. चांगल्या माणसाला कॅन्सर झाल्यावर ‘मागच्या जन्मीचं काहीतरी’ म्हणणारे नातलग आपल्यालाही माहीत आहेत.

31व्या अध्यायात ईयोब शपथेवर उत्तर देतो. माझ्या दासाने किंवा दासीने माझ्याविरुद्ध तक्रार केली आणि मी ती धुडकावली असेल, तर देवापुढे काय तोंड दाखवू? मला पोटात घडवणाऱ्यानेच त्याला नाही का घडवलं? वेशीत माझी बाजू घेणारे आहेत हे पाहून मी पोरक्यावर हात उगारला असेल, तर माझा खांदा निखळून पडो. मोल न देता जमिनीचं पीक खाल्लं असेल, तर गव्हाच्या जागी काटे उगवोत. दासाची तक्रार, वेशीतलं वजन, शेतमालाचं मोल: हा माणूस आपली सचोटी सिद्ध करतो ती त्याच जागांवर बोट ठेवून.

वावटळीतून देव बोलतो तेव्हा या यादीबद्दल चकार शब्द काढत नाही. तो डोंगरातल्या रानशेळ्या, शहामृग, घोडा आणि लिव्याथान नावाचा समुद्रातला अजस्र प्राणी यांच्याबद्दल बोलतो. ईयोबाला दुःख का झालं, हे शेवटपर्यंत त्याला सांगितलं जात नाही. मात्र मित्रांना सांगितलं जातं की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची बाजू लढवणारे चुकीचे ठरतात आणि देवाशी भांडणारा बरोबर. त्यांनी सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जायचं, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना ईयोबाने करायची.

मग ईयोबाला गेलेलं दुप्पट परत मिळतं. हा सुखान्त मागच्या सगळ्या वादावर पाणी फिरवतो, असं पुष्कळ वाचकांना वाटतं, आणि मलाही तो जरा घाईचा वाटतो. पण त्या शेवटच्या ओळींत एक तपशील आहे. मोशेच्या कायद्यात मुलगा नसेल तरच मुलींना वारसा मिळत असे. सलाफहादाच्या मुलींनी तो भांडून मिळवला, त्यांना भाऊ नव्हता. ईयोबाला नंतर सात मुलगे झाले आणि तीन मुली. मुलग्यांची नावं पुस्तक सांगतच नाही. मुलींची सांगतं: यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. आणि बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वतनात वाटा दिला.